घडवंची

घरांतील ज्या वस्तूंवर आपली नजर रोज पडते, परंतु ज्या आपल्याला कधींच दिसत नाहींत, अशा वस्तूंची कोणी यादी केली तर तींत घडवंचीला बरेंच वरचें स्थान द्यावें लागेल. पाण्यानें भरलेल्या घागरी, हंडे व कळशा ज्या लांकडी चौकटीवर ओळीनें मांडून ठेवीत, तिला घडवंची म्हणत. घरीं आलेला पाहुणा घासूनपुसून लखलखीत केलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांचें कौतुक करी; चौकस असला तर पाणी कोणत्या विहिरीचें, हेंही विचारी; परंतु घडवंची कोणीं केली, तिला लांकूड कोणतें घातलें, हा प्रश्न कोणीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. पुढें नळ आले, घागरी गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग घडवंचीही माळ्यावर गेली. शब्द मात्र जुन्या माणसांच्या तोंडीं अजून टिकून आहे. आणि तो टिकावा असें मला वाटतें. दुसऱ्याचा भार मुकाट्यानें वाहणाऱ्या वस्तूला इतकें नेमकें नांव सहसा मिळत नाहीं.

आधार आणि आधेय यांचा विचार आपल्याकडील नैयायिकांनीं पुष्कळ केला आहे. तुपाला भांड्याचा आधार कीं भांड्याला तुपाचा, ह्या शंकेचें निरसन करण्यासाठीं भांडें उपडें करून पाहणाऱ्या पंडिताची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या पंडिताला आपण हंसतों. पण आधार कोणता हें तो नाहींसा झाल्याशिवाय न ओळखण्याची जी मनुष्यस्वभावाची खोड, तिचेंच तो पंडित उदाहरण आहे. तूप सांडल्यावर जें ज्ञान होतें तें खरें असतें. मात्र त्याची किंमत तुपाइतकी पडते. तेंच ज्ञान तूप न सांडतां मिळवितां येईल कीं नाहीं, आणि येत असेल तर तें मिळविण्याचें कर्तव्य कोणाचें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय मोठा आहे, म्हणून उदाहरण मुद्दाम लहान घेतों.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनीं घरीं मासे पाळावयाचें ठरविलें. कांचेची पेटी तयार मिळाली: लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४०, उंची ५०. ती ज्यावर ठेवावयाची ती लांकडी घडवंची मात्र (तिला दुसरें नांव देण्याचें मला कारण दिसत नाहीं) आपण स्वतःच्या हातानें करावयाची, असा त्यांचा आग्रह. पाडलेल्या एका वाड्याच्या तुळयांचें जुनें सागवान त्यांनीं वखारींतून आणलें. करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि पाणसळ हीं हत्यारें जमविलीं. आणि कामास हात घालण्यापूर्वीं कागद घेऊन हिशेब मांडला. पेटी कांठोकांठ भरली तर तींत २४० लिटर पाणी मावतें. एका लिटर पाण्याचें वजन एक किलो. तेव्हां नुसत्या पाण्याचेच २४० किलो झाले. दहा मिलिमीटर जाडीच्या कांचेचें वजन दर चौरस मीटरला २५ किलो असतें. पेटीची कांच दोन चौरस मीटरांहून किंचित् अधिक, म्हणजे तिचे पन्नासांवर किलो. शिवाय तळाची वाळू, दगड, वरचें झांकण आणि दिवे. सर्व मिळून आंकडा तीनशें किलोंच्या पुढें गेला. चार धट्टेकट्टे पुरुष एका बांकावर येऊन बसावेत, आणि त्यांनीं रात्रंदिवस, वर्षानुवर्षें उठूंच नये, असा हा भार.

त्यांची ही खटपट पाहून त्यांच्या पत्नी एक दिवस म्हणाल्या, “अहो, बाजारांत लोखंडी घोडा तयार मिळतो कीं! आणि इतके सांधे तासून ते दाखवायचे आहेत कोणाला? पुढून दारें लागणार, मागें भिंत येणार. त्या माशांना तरी काय कळणार आहे खालीं काय आहे तें?” बोलण्यांत थट्टा होती; परंतु नीतिशास्त्रावरील जाड ग्रंथांतून ज्यांची चर्चा चालते असे दोन प्रश्न त्या थट्टेंत आले होते. जें काम कोणाला दिसणार नाहीं, तें चांगलें कां करावें? आणि ज्याला कांहीं कळत नाहीं, त्याच्याविषयीं आपलें कर्तव्य तें काय? त्यांचीं उत्तरें शोधण्यापूर्वीं घडवंचीच्या कामांत चांगलें म्हणजे काय आणि वाईट म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. कारण नीतीच्या गोष्टी बोलणारा माणूस कामाचें स्वरूप न जाणतां बोलूं लागला, म्हणजे त्याच्या बोलण्यांत उपदेश फार व अर्थ थोडा असतो.

कांचपेटींत मासे ठेवण्याचा छंद, आज ज्या स्वरूपांत आपण तो पाहतों त्या स्वरूपांत, फार जुना नाहीं. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मासे, पाणवनस्पति व गोगलगाई एकत्र ठेवल्यास तीं परस्परांच्या आधारें जगूं शकतात. वनस्पति माशांस प्राणवायु पुरवितात आणि गोगलगाई कुजणारीं पानें खाऊन टाकतात, असें त्यानें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचें ह्या विषयावरील पुस्तक निघालें, आणि त्या देशांतील मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत कांचपेट्या आल्या. आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें. तें पाहून आलेल्या किती मुलांनीं घरीं येतांच बरणींत मासा ठेवण्याचा हट्ट धरला असेल, त्याची गणती करवणार नाहीं. पूर्वींच्या पेट्या लोखंडी चौकटींत पुट्टीनें कांचा बसवून केलेल्या असत, व थोडाबहुत ताण ती चौकट स्वतः सोशी. १९६० च्या दशकापासून सिलिकोनच्या लुकणानें कांचेला कांच जोडूं लागले. चौकट गेली, पेटी देखणी झाली, आणि चौकटीची जबाबदारी घडवंचीवर येऊन पडली. कांच हा मोठा मानी पदार्थ आहे. लांकूड वांकतें, लोखंड लवतें. कांच एक तर सरळ राहते, नाहीं तर तडकते. घडवंचीचा एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर जरी वरखालीं असला, तरी भरलेल्या पेटीला पीळ बसतो. पेटीखालीं थर्मोकोलचा पातळ तक्ता घालतात तो ह्याचसाठीं. बारीकसारीक उंचवटे तो पोटांत घालतो. मोठा दोष मात्र त्याला झांकतां येत नाहीं. पाणसळींतला बुडबुडा मध्यावर आल्याखेरीज पेटी चढवूं नये, हा ह्या कामांतला पहिला नियम.

दुसरी गोष्ट लांकूड कसें ठेवावें ह्याची. एका बाजूनें पांच आणि दुसऱ्या बाजूनें दहा सेंटिमीटर अशी पट्टी घ्या. ती रुंद अंगावर निजवून लावली असतां भारानें जितकी वांकेल, त्याच्या चौथा हिस्साच ती उभ्या अंगावर ठेवल्यास वांकते. लांकूड तेंच, वजन तेंच, किंमत तीच. फरक काय तो तें कोणत्या अंगावर उभें राहिलें ह्याचा. कारण वांकण्यास होणारा विरोध पट्टीच्या रुंदीच्या साध्या प्रमाणांत, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. उलटपक्षीं, दोन पायांमधील अंतर दुप्पट केलें, तर फुटामागें भार तोच असतांही मधला झोळ सोळापट होतो. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेले घन आणि चतुर्घात साठीनंतर असे हाताला लागावेत, ह्याचें त्या शिक्षकांना मोठें नवल वाटलें.

तिसरी गोष्ट सांध्यांची. नवशिका माणूस वरच्या चौकटीच्या पट्ट्या पायांच्या अंगाला भिडवून स्क्रूनें आवळतो. काम नीटस दिसतें, परंतु सारा भार त्या आठदहा स्क्रूंवर लोंबकळत राहतो. जाणता सुतार पायाच्या माथ्याला खांच पाडून पट्टी तींत बसवितो. त्यामुळें वरचें लांकूड खालच्या लांकडावर आणि खालचें जमिनीवर प्रत्यक्ष टेकतें. स्क्रू आणि सरस हे तीं जागचीं हलूं नयेत एवढ्यापुरते. भार स्क्रूंवर नसून लांकडावर असतो तीच खरी घडवंची. धाग्याच्या दिशेनें लांकूड विलक्षण बलवान असतें. चांगल्या सागाचा पांच बाय दहाचा एक आंखूड पाय आपल्या ह्या तीनशें किलोंच्या कित्येक पट भार चिरडल्याशिवाय सोशील.

मग घडवंच्या पडतात त्या कशानें? भारानें क्वचित्, बहुधा डुलण्यानें. चार पाय आणि वर चौकट एवढीच मांडणी असेल तर ती आयताची आकृति होय. आणि आयत कोपऱ्यावर ढकलला कीं तो सहज कलंडतो. एखादें मूल धांवत येऊन आदळलें, कोणी गप्पा मारतां मारतां पेटीला रेलून उभें राहिलें, धरणीकंपाचा हलकासा धक्का बसला, कीं सगळे सांधे एकदम एका बाजूस झुकतात, आणि वरचें पाणीही त्याच बाजूला धांव घेतें. ह्यावर उपाय म्हणजे मागच्या अंगाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी, किंवा प्लायवुडचा सबंध तक्ता. सरळ बाजूंच्या सर्व आकृतींत त्रिकोण ही एकच अशी आहे कीं, बाजूंची लांबी न बदलतां तिचा आकार बदलतां येत नाहीं. ही तिरपी पट्टी वरचा भार जवळजवळ मुळींच वाहत नाहीं. नेहमींच्या दिवशीं ती केवळ अडगळ वाटते. तिचें काम वर्षांतून एखाद्या क्षणाचें. पण त्या क्षणीं तिच्यावांचून बाकीच्यांचें सामर्थ्य व्यर्थ होतें. मोठमोठीं ओझीं ताठ उभें राहून वाहणारीं माणसें बाजूनें आलेल्या एखाद्या लहानशा धक्क्यानें कोलमडलेलीं आपण पाहतों. त्यांना भार वाहावयास शिकविलेलें असतें. तोल जातांना धरील असें जवळ कोणी नसतें.

चौथी गोष्ट काळाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. जुन्या घरांतल्या झोळ पडलेल्या तुळया ज्यानें पाहिल्या आहेत त्याला ती अंधुकपणें ठाऊक असते; तिचें मोजमाप मात्र अलीकडचें आहे. अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांत मॅडिसन येथें १९१० सालीं वनोत्पादनांची एक प्रयोगशाळा स्थापन झाली. तेथें लांकडावर दीर्घकाळ भार ठेवून प्रयोग झाले, आणि त्यांवरून निघालेला नियम लायमन वुड यांनीं १९५१ सालीं मांडला. त्याचें सार असें कीं, कांहीं मिनिटांच्या परीक्षेंत लांकूड जो भार पेलून दाखवितें तोच भार तें दहा वर्षें पेलूं शकत नाहीं. दहा वर्षांच्या मुदतीसाठीं त्याच्या सुमारें पांच-अष्टमांशच धरावा लागतो. शिवाय सतत भाराखालीं लांकूड हळूहळू वांकतच जातें. कच्च्या, ओलसर लांकडांत हें वांकणें पहिल्या दिवसाच्या दुपटीपर्यंत जाऊं शकतें. आणि हवेंतील ओलीचे व कोरडेपणाचे फेरे जितके अधिक, तितकी त्याला मदतच होते. ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, भार वाढलेला नसतो आणि लांकडाला कीडही लागलेली नसते. भार उतरलेला नसतो, एवढेंच काय तें घडलेलें असतें.

पेटी चढविण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं घडवंचीवर शंभर विटा रचल्या (एक वीट अदमासें तीन किलोंची), आणि पट्टीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दोरा ताणून मधला झोळ मोजला. पंधरा दिवस विटा तशाच राहिल्या. पहिल्या दिवसाचा आणि पंधराव्या दिवसाचा, असे दोन आंकडे त्यांनीं वहींत शेजारीं शेजारीं लिहून ठेवले. पहिल्या आंकड्यावरून लांकडाचें बळ कळतें, दोहोंच्या अंतरावरून त्याचा स्वभाव.

आतां त्या बाईंच्या प्रश्नांकडे वळूं. न दिसणारें काम चांगलें कां करावें, ह्याचीं सामान्यतः तीन उत्तरें देण्यांत येतात. पहिलें भीतीचें: काम वाईट झालें तर पेटी फुटेल, घर भिजेल, पैसे जातील. दुसरें श्रद्धेचें: माणूस पाहत नसला तरी ईश्वर पाहत असतो. तिसरें अभिमानाचें: कसबी माणसाला स्वतःच्या नजरेंतून उतरणें सहन होत नाहीं. हीं उत्तरें खोटीं नाहींत. परंतु तिहींत एक उणीव आहे. तिन्ही कर्त्याच्याच भोंवतीं फिरतात. त्याचें नुकसान, त्याचें पुण्य, त्याचा मान! ज्याच्यासाठीं घडवंची करावयाची तो मासा ह्यांत कोठेंच नाहीं.

कांटसारख्या तत्त्ववेत्त्यानेंही पशूंविषयींचीं आपलीं कर्तव्यें हीं वस्तुतः मनुष्यजातीविषयींचींच कर्तव्यें होत, असें प्रतिपादिलें. पशूंशीं निर्दय वागणारा पुढें माणसांशींही तसाच वागूं लागतो, म्हणून पशूंवर दया करावी, असा त्याचा विचार. त्याच शतकांत, १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, बेंथॅमनें याच्या उलट बाजू घेतली. त्याच्या मतें नीतीच्या राज्यांत शिरण्यास बुद्धीचा किंवा वाचेचा परवाना लागत नाहीं. वेदना एवढीच खूण पुरे. मला बेंथॅमची बाजू अधिक न्याय्य वाटते. परंतु घडवंचीच्या बाबतींत तिच्याही पुढें एक पाऊल टाकावें लागतें. नदींतल्या माशाला मीं विनाकारण पीडा देऊं नये, एवढें बेंथॅमच्या तत्त्वावरून निघतें; नदीचा तळ शाबूत ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर येत नाहीं. कांचपेटींतल्या माशाची गोष्ट निराळी आहे. जमिनीपासून अडीच फूट उंचावर, अधांतरीं, त्याचें जग मीं मांडलें. त्याबद्दल त्याला कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तरी त्याला सांगतां आलें नसतें. दुसऱ्याची निवड आपण काढून घेतली, कीं त्या निवडीबरोबर स्वतःची जी काळजी त्यानें स्वतः वाहिली असती, ती आपल्याकडे येते. कोणी म्हणेल, मग मासे पाळूंच नयेत. हें म्हणणें मी हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु ज्यानें पाळले आहेत त्याची ह्या म्हणण्यानें सुटका होत नाहीं. तो अधिकच बांधला जातो.

म्हणून “माशांना काय कळणार?” हें काम हलकें करण्याचें कारण नव्हे, काम पक्कें करण्याचें तेंच मुख्य कारण आहे. ज्याला माल तपासून घेतां येतो त्याच्याशीं होणारा व्यवहार हा सौदा होय. ज्याला तो तपासतां येत नाहीं त्याच्या बाबतींत आपल्या हातीं असते ती ठेव. आणि ठेवीचा धर्म सौद्याच्या धर्माहून नेहमींच कडक मानला गेला आहे. रुग्ण डॉक्टरच्या हातीं, लहान मूल आईबापांच्या हातीं, पुलावरून जाणारी आगगाडी पूल बांधणाऱ्याच्या हातीं असते ती ह्याच नात्यानें.

परंतु म्हणून जितकें लांकूड अधिक तितकी नीति अधिक, असेंही कोणी समजूं नये. भीतीनें दसपट लांकूड कोंबणारा मनुष्य माशांची काळजी वाहत नसतो. तो स्वतःच्या धास्तीची समजूत घालीत असतो. त्या जास्तीच्या लांकडासाठींही झाड तोडावें लागतें, आणि त्याचा भार पुन्हां जमिनीच्याच माथीं बसतो. आपल्याकडील मानकांप्रमाणें राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारें दोनशें किलो भार धरून आंखतात. ह्या पेटीचा भार तिच्या तळाएवढ्या जागेवर वांटला, तर तो चौरस मीटरला सहाशें किलोंच्या वर जातो. म्हणून जाणते लोक अशी पेटी खोलीच्या मधोमध न ठेवतां भिंतीलगत, खालीं तुळई असेल तेथें ठेवतात. आणि जुन्या वाड्याच्या कडीपाटाच्या माडीवर ती कड्यांना आडवी ठेवतात, म्हणजे भार एकीवर न पडतां अनेकींवर वांटला जातो. भीतीनें लांकूड वाढतें; ज्ञानानें तेंच लांकूड योग्य अंगावर उभें राहतें.

घडवंची स्वतः करण्याचा खरा लाभही हाच. पैशांची बचत हा नव्हे. वेळेचा हिशेब धरला तर घरीं केलेली वस्तु बहुधा महागच पडते. तयार घोडा मजबूत असेल, आणि तो घेण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु आम्हां सुशिक्षित मध्यमवर्गीयांचें बहुतेक आयुष्य अशा वस्तूंवर उभें असतें, कीं ज्यांच्या आंत काय आहे ह्याची आम्हांला कल्पना नसते. वीज कोठून येते, पाणी कोण सोडतो, धान्य कोणीं निवडलें, कशाचाच पत्ता नसतो. अशा आयुष्यांत एका तरी कोपऱ्यांत खालीं काय आहे आणि तें कशामुळें उभें आहे हें पक्कें ठाऊक होणें, हें एक शिक्षणच आहे. त्या शिक्षणानें माणसाला खालीं पाहण्याची संवय लागते.

येथें गार्गीची आठवण होते. बृहदारण्यकोपनिषदांत ती याज्ञवल्क्याला प्रश्न करते, तो पाण्यापासूनच सुरू होतो. सर्व सृष्टि पाण्याच्या आधारावर विणलेली मानली, तर त्या पाण्याला आधार कशाचा, अशी तिची शंका. याज्ञवल्क्यानें वायूचें नांव घेतलें, तेव्हां तिनें वायूचा आधार विचारला. आणि एकेक पायरी चढत प्रश्न ब्रह्मलोकापलीकडे जाऊं लागला, तेव्हां त्यानें तिला थांबविलें. तत्त्वज्ञानांत कोठें थांबावें हें याज्ञवल्क्यासारख्यांनीं ठरवावें. संसारांत मात्र आपण फारच लवकर थांबतों. पाण्याला कांच, कांचेला लांकूड, लांकडाला जमीन, जमिनीला तुळई, तुळईला भिंत. एवढ्या पायऱ्या उतरण्यास ब्रह्मज्ञान लागत नाहीं, वांकून पाहण्याची तयारी पुरते.

मासा हें करूं शकत नाहीं, म्हणून तो निर्दोष आहे. आपण मासे नव्हों. प्रत्येक घर कोणाच्या तरी खांद्यावर उभें असतें. कोठें ती सर्वांच्या आधीं उठणारी आणि सर्वांच्या मागून निजणारी आई असते. कोठें वडील वारल्यावर विसाव्या वर्षीं नोकरीला लागलेला थोरला मुलगा असतो; धाकट्यांचें शिक्षण झालें, त्याचें राहून गेलें. कोठें अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचें सर्व कांहीं करणारी सून असते, तर कोठें सर्वांच्या अडीअडचणीला धांवून येणारी आणि म्हणूनच सर्वांनीं गृहीत धरलेली मावशी किंवा आत्या. संकट प्रथम आलें तेव्हां ह्या माणसांनीं तें पेललें. आपण तोंड भरून स्तुति केली, आणि त्या स्तुतीच्या जोरावर तोच भार पुढें दहा वर्षें त्यांच्यावर राहूं दिला. जें एका प्रसंगीं पेललें तें कायमचें पेलवेलच असें नाहीं, हा मॅडिसनचा नियम आपण लांकडाला लावतों. माणसाला लावीत नाहीं. आणि कायम भार वाहणाऱ्याचा झोळ इतका सावकाश वाढतो, कीं रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो दिसत नाहीं. त्यासाठीं दोराच ताणावा लागतो. माणसाच्या बाबतींत हा दोरा म्हणजे आठवण. पांच वर्षांपूर्वीं ती काय वाचीत असे, कोणाकडे जात असे, कोणतें गाणें गुणगुणत असे, कशाला खळखळून हंसे, हें आठवावें आणि आजच्याशीं ताडून पाहावें. कोणत्याही एका दिवशीं घरांत कांहींच बिघडलेलें नसतें. दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहिले, म्हणजेच अंतर कळतें.

कोणी म्हणेल, जड होत असेल तर त्या माणसानें बोलावें. पण न बोलणें हाच भार वाहणाऱ्याचा धर्म, असें आपणच त्याला शिकविलें आहे. शेषानें मस्तकावरची पृथ्वी किंचित् सांवरली म्हणजे धरणीकंप होतो, अशी जुनी समजूत आहे. पृथ्वीवरच्या माणसांना तो उत्पात वाटला. शेषाची मान अवघडली असेल, ही शंका पुराण ऐकणाऱ्या कोणाला आली असेल असें वाटत नाहीं. शिवाय लांकूड मोडण्यापूर्वीं करकरतें; पण घर भरलेलें व बोलकें असलें म्हणजे तेवढा आवाज कोणाच्या कानीं पडत नाहीं.

कृतज्ञता चांगली खरी. परंतु ती घडवंचीच्या रोगणासारखी आहे. रोगणानें लांकूड ओलीपासून वांचतें, म्हणून तें हवेंच. भार मात्र त्यानें रतिभरही कमी होत नाहीं. भार कमी करण्याचे उपाय सुतारानें सांगितले तेच आहेत. दोन पायांच्या मधें आणखी एक पाय दिला, तर अंतर निम्में होतें आणि झोळ सोळाव्या हिश्शावर येतो. सर्व भार उचलण्याचा आव आणण्याची जरूर नाहीं. नेमक्या जागीं दिलेला थोडा आधार पुरतो. आठवड्यांतून एक रात्र सासऱ्यांजवळ दुसऱ्या कोणीं बसावें, महिन्याचा हिशेब दुसऱ्या मुलानें हातीं घ्यावा, एवढ्यानेंही फार होतें. आणि भार उतरविल्यास वांकलेलें लांकूड कांहीं अंशीं पुन्हां सरळ होतें, हेंही खरें आहे. तें सर्वस्वीं पूर्ववत् होत नाहीं. म्हणून तो लवकर उतरविणें बरें.

तात्पर्य, आधार देणाऱ्याचें कर्तव्य आपल्या धर्मग्रंथांनीं आणि नीतिकथांनीं पुष्कळ सांगितलें. आधार घेणाऱ्याचें कर्तव्य मात्र सांगावयाचें राहिलें आहे. मासा वर पाहतो, पुढें पाहतो, कांचेपलीकडच्या माणसांकडेही पाहतो. आपलें जग कशावर उभें आहे हें वांकून पाहणें त्याच्या हातीं नाहीं. तें ज्यांच्या हातीं आहे, त्यांच्या तोंडीं “आम्हांला ठाऊक नव्हतें” हें उत्तर शोभत नाहीं.